इ.स. ४१० : रोम लुटलं गेलं त्या वर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमचा विषय निघाला की ४७६, म्हणजे पश्चिमेचा शेवटचा सम्राट गेला ते साल सगळ्यांना पाठ असतं, पण प्रश्नांची गाडी मात्र हमखास ४१० वर येऊन थांबते. त्या एका वर्षाभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत. ज्या प्रश्नात जेवढा जीव, तेवढं उत्तर.

४१० मध्ये नेमकं झालं काय?

२४ ऑगस्ट ४१० च्या रात्री व्हिसिगॉथांचा, म्हणजे गॉथ लोकांच्या एका शाखेचा राजा अलारिक सालारिया दरवाज्यातून रोममध्ये शिरला. हा दरवाजा शहराच्या उत्तरेकडचा. तीन दिवस लूट चालली, मग तो आपलं सगळं लटांबर घेऊन दक्षिणेकडे निघून गेला. राज्य करायला थांबला नाही. याआधी परकं सैन्य रोममध्ये घुसलं होतं ते गॉल टोळ्यांचं, आणि त्याला तेव्हा जवळजवळ ८०० वर्षं झाली होती.

हा सालारिया दरवाजा आज बघायला मिळत नाही. १९२१ मध्ये तो पाडला. त्या जागी आता पिआत्सा फिऊमे नावाचा वाहता चौक आहे.

सम्राट तर रोममध्ये राहतही नव्हता. मग एवढा गहजब कशाला?

खरं आहे. साम्राज्याचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते, प्रत्येकाचा सम्राट वेगळा. पश्चिमेचा सम्राट ओनोरियस ४०२ पासून रावेन्नात मुक्काम ठोकून होता. भोवती दलदल, पाठीशी समुद्र, त्यामुळे ते शहर घेणं महाकठीण. रोममध्ये उरलं होतं सिनेट, गर्भश्रीमंत घराणी, सरकारी धान्यावर जगणारी प्रचंड वस्ती आणि नाव. पण गहजब झाला तो त्या नावामुळेच. तिकडे पॅलेस्टाइनमध्ये बेथलेहेमला बसून जेरोम हा ख्रिस्ती पंडित बायबलवर भाष्य लिहीत होता. बातमी कळल्यावर त्याने लिहिलं की जिने सगळं जग जिंकलं, ती नगरीच जिंकली गेली. राजधानी नसलेल्या शहरासाठी हे रडणं जरा जास्त वाटेल, पण तेव्हाच्या माणसाला रोमविना जगाची कल्पनाच करता येत नव्हती.

अलारिक म्हणजे कुठल्या तरी रानटी टोळीचा सरदार ना?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. अलारिक रोमच्या पदरी चाकरी केलेला माणूस होता. हूणांच्या रेट्याने गॉथ लोक ३७६ मध्ये डॅन्यूब ओलांडून साम्राज्यात आले. रोमन अधिकाऱ्यांनी त्यांची उपासमार केली, तेव्हा त्यांनी बंड केलं आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या लढाईत सम्राट व्हॅलेन्सलाच मारलं. ३८२ मध्ये तह झाला : गॉथांनी साम्राज्यात राहायचं, बोलावलं की लढायला जायचं. ३९४ मध्ये फ्रिजिडस नदीवर सम्राट थिओडोसियसच्या बाजूने गॉथ आघाडीला लढले आणि हजारोंनी मेले. त्या सैन्यात अलारिक होता. विजय सम्राटाचा, मढी गॉथांची. हा हिशेब तो कधी विसरला नाही.

आणि हो, तो ख्रिस्ती होता. पंथ वेगळा, एरियन, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारा. गॉथिक भाषेत बायबल त्याच्या आधीच उतरलं होतं.

मग त्याला हवं तरी काय होतं?

नोकरी. आपल्या इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर मनसब. रोमन सैन्यात सेनापतीचा हुद्दा, त्यासोबत येणारा पगार आणि धान्य, आणि आपल्या माणसांना बायकापोरांसह वसायला मुलूख. पूर्वेच्या दरबाराने काही काळ त्याला इलिरिकमचा, म्हणजे बाल्कनमधल्या मुलखाचा सेनापती नेमलंही होतं, मग ते पद गेलं. पुढची सगळी वर्षं तो कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला पिळत राहिला. रोमला त्याने तीनदा वेढा घातला, पण माझ्या मते त्यातल्या एकाही वेढ्याचा मूळ हेतू रोम घेण्याचा नव्हता. रोमची मान आवळली की रावेन्ना बोलतं होईल, एवढंच गणित. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं, फक्त इथे ते जाणूनबुजून होतं.

स्टिलिको जिवंत असता तर रोम वाचलं असतं का?

जर-तरचा इतिहास फारसा कामाचा नसतो, पण हा प्रश्न टाळता येत नाही. स्टिलिको पश्चिमेचा सरसेनापती. बाप व्हँडल टोळीतला, सम्राट त्याचा जावई. ओनोरियसने त्याच्या दोन्ही मुलींशी एकीमागून एक लग्नं केली होती. ४०२ मध्ये पोलेंतिया इथे त्याने अलारिकला अडवलं होतं. पुढे त्याच अलारिकला हाताशी धरण्यासाठी त्याने सिनेटकडून ४,००० पौंड सोनं मंजूर करून घेतलं. तेव्हा लाम्पादियस नावाचा सिनेटर उठून म्हणाला की हा तह नाही, गुलामीचा करार आहे. दरबारात कान भरणारे होतेच. २२ ऑगस्ट ४०८ रोजी रावेन्नात स्टिलिकोचं डोकं उडवलं.

त्यानंतर जे झालं ते शुद्ध आत्मघातकी. इटलीतल्या शहरांमध्ये रोमन सैन्यातल्या परकीय शिपायांच्या बायकामुलांची कत्तल करण्यात आली. ते शिपाई उठले आणि थेट अलारिकला जाऊन मिळाले. झोसिमस हा इतिहासकार त्यांचा आकडा ३०,००० सांगतो. आकडा फुगवलेला असू शकेल, पण रोमने आपलंच सैन्य शत्रूला आंदण दिलं हे खरं.

खंडणीत मिरी मागितली होती, हे खरं की दंतकथा?

खरं. हा पहिला वेढा, ४०८ च्या अखेरचा. टायबर नदीतून येणारं धान्य अलारिकने तोडलं. रोजचं रेशन आधी निम्म्यावर आणि मग एक तृतीयांशावर आलं. उपासमारीमागून रोगराई आली. सिनेटचे दूत बोलणी करायला गेले आणि जरा ताठ्यात म्हणाले, शहरात माणसं फार आहेत, सगळी लढायला उतरतील. त्यावर अलारिक हसला. म्हणाला, गवत जितकं दाट, तितकं कापायला सोपं. त्याने शहरातलं सगळं सोनं, चांदी, सामानसुमान आणि परकीय गुलाम मागितले. मग आमच्याकडे ठेवणार काय, असं दूतांनी विचारलं. तो म्हणाला, तुमचे जीव.

घासाघीस होऊन आकडा ठरला तो असा : ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० लाल रंगवलेली कातडी आणि ३,००० पौंड मिरी. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा. म्हणजे मिरी झाली जवळजवळ एक टन, सोनं १,६०० किलोच्या वर. खंडणी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको, पण सोन्याचांदीच्या याद्यांत मसाल्याचं पोतं क्वचितच दिसतं.

ही मिरी आली कुठून? मलबारच्या किनाऱ्यावरून. मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्तचं वाळवंट पार करून नाईलवर, नाईलवरून अलेक्झांड्रियाला आणि मग रोमला. पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनने रोममध्ये मसाल्यांसाठी वेगळी कोठारंच बांधली होती आणि ती मिरीच्या नावाने ओळखली जात. त्याच शतकात प्लिनी या रोमन लेखकाने भाव नोंदवलेत : काळी मिरी पौंडाला ४ दिनार, पिंपळी १५. पिंपळी भडोच बंदरातून चढायची. लॅटिनमधला मिरीचा शब्द, पिपेर, हा आपल्या पिप्पलीचाच नातेवाईक. थोडक्यात, वेढ्याने अर्धमेल्या झालेल्या शहराच्या कोठारात अजूनही टनभर हिंदुस्थानी मिरी निघू शकत होती.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट. ओलिंपिओडोरस हा त्या काळातलाच इतिहासकार. तो सांगतो की रोममधल्या कित्येक घराण्यांचं वर्षाचं उत्पन्न ४,००० पौंड सोनं होतं, शिवाय धान्य आणि दारू वेगळीच. म्हणजे खंडणीतलं सोनं ही अशा एखाद्या घराची सव्वा वर्षाची आवक! तरीही वर्गणी पुरी झाली नाही. श्रीमंतांनी आपली मालमत्ता लपवली. शेवटी देवळांतल्या मूर्तींवरचे दागिने उतरवले, काही मूर्ती वितळवल्या. त्यांत शौर्यदेवतेचीही मूर्ती होती. जुन्या धर्माच्या झोसिमसला यात अपशकुन दिसला. मला त्यात चुकवेगिरी दिसते.

खंडणी मिळाली, तरी तो परत का आला?

कारण खंडणी हा नुसता बयाणा होता. कायमचा करार सम्राटाकडून व्हायचा होता आणि तो होईना.

४०९ मध्ये रिमिनी इथे बोलणी बसली. दरबाराकडून आला होता जोवियस हा बडा अधिकारी. अलारिकने दरसाल सोनं आणि धान्य मागितलं, शिवाय व्हेनेशिया, नोरिकम आणि डाल्मेशियात वस्ती. जोवियसने सम्राटाला खासगीत कळवलं की याला सेनापतिपद देऊन टाका, बाकीच्या मागण्या तो आपोआप खाली आणेल. सल्ला शहाणपणाचा होता. उत्तर आलं : सोनं-धान्य देऊ, पण अलारिकला किंवा त्याच्या जातवाल्या कुणालाही हुद्दा मिळणार नाही. आणि हे पत्र जोवियसने अलारिकच्या तंबूत, त्याच्या देखत मोठ्याने वाचलं. आता याला काय म्हणावं?

अलारिक भडकला, रोमकडे वळला, पण वाटेत थंड झाला. त्याने बिशपांना मध्यस्थ करून नवा प्रस्ताव धाडला. सोनं नको, हुद्दा नको. डॅन्यूबकाठचे दोन नोरिकम प्रांत द्या, तेही सतत लुटले जाणारे आणि महसूल जेमतेम देणारे. धान्य तुम्हाला योग्य वाटेल तेवढं. इतक्या स्वस्तात सौदा पुन्हा मिळणार नव्हता. पण मधल्या काळात, आपल्यावर संशय येऊ नये म्हणून, जोवियसने आणि इतर अधिकाऱ्यांनी शपथ घेतली होती की अलारिकशी कधीही तह करणार नाही. आणि शपथ घेतली होती सम्राटाच्या डोक्यावर हात ठेवून. आता ते म्हणाले, देवाची शपथ असती तर मोडता आली असती, देव दयाळू आहे. सम्राटाच्या डोक्याची शपथ मोडता येत नाही.

रोम पडलं ते या दिवशी, असं माझं मत. दरवाजा उघडायला पुढे वर्ष लागलं, एवढंच.

हा अटालस कोण? एकाच वेळी दोन सम्राट कसे?

दुसऱ्या वेढ्यात, ४०९ च्या शेवटी, अलारिकने पोर्टस बंदरातली धान्याची कोठारं घेतली आणि सिनेटला सांगितलं की तुम्हीच नवा सम्राट नेमा. नगराधिकारी प्रिस्कस अटालस गादीवर बसला. त्याने लगेच अलारिकला सेनापती केलं. अखेर नेमणूक मिळाली, पण नकली सम्राटाकडून.

ओनोरियस इतका घाबरला की त्याने राज्य वाटून घेण्याची तयारी दाखवली. पळून जायला जहाजंही सज्ज ठेवली होती. तेवढ्यात पूर्वेकडून ४,००० शिपाई जहाजाने उतरले आणि त्याला धीर आला. तिकडे आफ्रिकेचा सुभेदार हेराक्लियन सम्राटाशी इमान राखून होता. त्याने रोमचं धान्य रोखलं. रोम आफ्रिकेच्या गव्हावर जगत होतं. आफ्रिकेवर गॉथ सैन्य पाठवू या, असं अलारिक सांगून थकला, अटालस ऐकेना. शहरात भूक अशी की रथशर्यतींच्या मैदानात जमलेला जमाव ओरडला, माणसाच्या मांसाचा भाव ठरवा! ४१० च्या उन्हाळ्यात अलारिकने रिमिनीजवळ सगळ्यांदेखत अटालसचा मुकुट उतरवला आणि राजचिन्हं ओनोरियसला धाडून दिली. पुन्हा बोलणी सुरू करायची ही खूण होती.

आणि बोलणी सुरूही झाली, रावेन्नापासून थोड्याच अंतरावर. तेव्हा सारस नावाचा गॉथ सरदार दोन-तीनशे माणसांनिशी अलारिकच्या तळावर तुटून पडला. सारस रोमनांच्या बाजूचा, आणि अलारिकच्या मेहुण्याशी त्याचं जुनं वैर. यामागे सम्राटच आहे, अशी अलारिकची खात्री झाली. आता रोमकडे निघाला तो खंडणीसाठी नाही.

एवढा तट असताना गॉथ आत शिरले कसे?

तट खरोखरच जबर. सम्राट ऑरेलियनने २७१ पासून बांधायला घेतलेला, सुमारे १९ किलोमीटर घेराचा, आणि ओनोरियसच्याच काळात उंची वाढवलेला. तो कुणी फोडला नाही. दरवाजा आतून उघडला.

कुणी उघडला याच्या दोन गोष्टी प्रोकोपियस हा इतिहासकार सांगतो, पण तो लिहितोय शंभरावर वर्षांनी. एक अशी की अलारिकने ३०० तरुण गॉथ सिनेटरांना गुलाम म्हणून भेट दिले आणि ठरल्या दिवशी त्यांनी पहारेकरी कापले. ही ट्रोजन घोड्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती वाटते. दुसरी गोष्ट प्रोबा या श्रीमंत बाईची. लोक भुकेने मरताना तिला पाहवेना, म्हणून तिने आपल्या नोकरांकडून दरवाजा उघडवला. ही मात्र पटण्यासारखी आहे. निदान तिच्यामागचं कारण तरी.

त्या तीन दिवसांत शहर बेचिराख झालं का?

नाही. सालारिया दरवाज्याजवळचा सॅलस्टचा वाडा जळाला. तो अर्धा जळका प्रोकोपियसच्या काळातही तसाच उभा होता. फोरममधली, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातली बॅसिलिका एमिलिया ही मोठी इमारत जळाली. तिथे सावकार-सराफांची ऊठबस असे. तिच्या संगमरवरी फरशीत ब्राँझची नाणी वितळून रुतलेली आहेत, हिरवट डागांसारखी. ती याच आगीतली मानतात. जगाच्या इतिहासातली मोठी घटना, आणि समोर दिसतं काय तर कुणाची तरी गल्ल्यातून सांडलेली चिल्लर.

पीटर आणि पॉल यांच्या चर्चमध्ये आसरा घेणाऱ्यांना हात लावायचा नाही, असा अलारिकचा हुकूम होता आणि तो बराचसा पाळला गेला. पण म्हणून त्या तीन दिवसांना सोज्वळ करू नये. खून झाले, बलात्कार झाले, माणसं धरून नेली. मार्सेला ही वृद्ध, विरक्त बाई. सोनं कुठे पुरलंयस म्हणून तिला काठ्यांनी आणि चाबकाने मारलं. तिने अंगावरचं जाडंभरडं वस्त्र दाखवलं. तिला शेवटी पॉलच्या चर्चमध्ये पोचवलं, पण ती थोड्याच काळात वारली. सम्राटाची सावत्र बहीण गॅला प्लॅसिडिया गॉथांच्या हाती लागली.

सम्राटाच्या कोंबडीची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी : खोजा धावत आला, म्हणाला, रोम गेली. ओनोरियस किंचाळला, आत्ता तर माझ्या हातून दाणे खाऊन गेली! त्याच्या लाडक्या कोंबडीचं नाव रोमा होतं. शहर गेलं म्हणतोय असं कळल्यावर त्याने सुस्कारा सोडला. ही प्रोकोपियसची कोंबडी, म्हणजे शतकभर हवेत उडालेली. खरी नसावी. पण लोकांनी पंचविशीतल्या त्या सम्राटाबद्दल काय मत बनवलं होतं, ते अचूक सांगते.

जुने देव सोडले म्हणून रोम पडलं, असं तेव्हाही म्हणत होते का?

हो, आणि मोठ्याने. थिओडोसियसने जुन्या देवांचे यज्ञ बंद करून पुरती वीस वर्षं झाली नव्हती. आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने याला उत्तर द्यायला ४१३ च्या सुमारास ‘ईश्वराची नगरी’ लिहायला घेतलं आणि ते ४२६ पर्यंत पुरं होत राहिलं, २२ खंडांत. त्याच ग्रंथात एक तक्रार आहे : रोममधून जीव वाचवून कार्थेजला आलेली मंडळी रोज नाटकगृहात गर्दी करतात!

ब्रिटन त्याच वर्षी स्वतंत्र झालं का?

‘स्वतंत्र’ हा शब्द जरा भारी आहे. ४०७ मध्ये तिसरा कॉन्स्टंटाइन हा बंडखोर ब्रिटनमधलं सैन्य घेऊन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात गेला. ४०९ मध्ये तिथल्या लोकांनी रोमन अधिकाऱ्यांना हाकललं. ४१० मध्ये ओनोरियसने ब्रिटनच्या शहरांना लिहिलं की तुमचं रक्षण तुम्हीच करा. काही अभ्यासकांच्या मते हे पत्र ब्रिटनला नव्हतंच. इटलीतल्या ब्रुटियमचं नाव वाचताना चूक झाली. शाळेतल्या पुस्तकांत मात्र ४१० ठसठशीत छापलेलं असतं.

स्पेनमध्ये काय चाललं होतं?

रोमपेक्षा वाईट. व्हँडल, अ‍ॅलन आणि सुएबी ४०९ च्या शरदात पिरेनीज ओलांडून आत आले. गॅलिशियाचा बिशप हायडेशियस चार संकटं मोजतो : तलवार, दुष्काळ, साथ आणि माणसाच्या मांसाला चटावलेली जनावरं. शिवाय करवसुली चालूच होती.

पूर्वेला शांतता कशी काय?

कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस नऊ वर्षांचा पोर होता, पण कारभार अँथेमियससारख्या खमक्या माणसाकडे. ४१३ मध्ये पुरा झालेला तिथला तट त्याच्याच देखरेखीखालचा. इराणशी सलोखा होता. ४१० च्या सुरुवातीला सासानी राजा यज्दगर्दच्या परवानगीने सेल्युशिया-टेसिफॉन या त्याच्या राजधानीत तिथल्या ख्रिस्ती बिशपांची परिषद भरली आणि इराणातल्या चर्चची घडी बसली. केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजाचा पुढे शतकानुशतकं ज्या चर्चशी संबंध राहिला, ते हेच.

अलारिकचं आणि प्लॅसिडियाचं पुढे काय झालं?

धान्य हवं तर आफ्रिका हवी. अलारिक इटलीच्या टोकापर्यंत गेला, जहाजं जमवली, वादळाने ती बुडाली. मागे वळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला कोसेन्झाजवळ आजारपणात मेला. जॉर्डेनस हा इतिहासकार सांगतो की बुसेंतो नदीचं पात्र वळवून त्याला तळात पुरलं, पाणी परत सोडलं आणि खणणाऱ्या कैद्यांना मारून टाकलं. खजिना शोधणारे अजूनही तिथे घिरट्या घालतात.

मेहुणा अथाउल्फ राजा झाला. जानेवारी ४१४ मध्ये गॉलमधल्या नार्बोनला त्याने प्लॅसिडियाशी रोमन थाटात लग्न केलं आणि वरातीत गाणं म्हटलं आपल्या माजी सम्राटाने, अटालसने. अथाउल्फचा पुढच्या वर्षी खून झाला. ४१६ मध्ये गॉथांनी प्लॅसिडियाला भावाकडे परत पाठवलं. बदल्यात मिळालं ६ लाख मापं धान्य. सात वर्षांपूर्वी अलारिक जे मागत होता, त्यातलंच.

हे सगळं आपल्याला कळतं कुठून?

बऱ्याच अंशी झोसिमसकडून, आणि त्याने ज्याच्यावरून उतरवलं त्या ओलिंपिओडोरसकडून. ओलिंपिओडोरसचा मूळ ग्रंथ हरवला, नवव्या शतकात एका विद्वानाने काढलेले उतारे तेवढे राहिले. झोसिमस मात्र वेढे, खंडणी, पत्रं, शपथा सगळं तपशिलात सांगत आपल्याला सहाव्या खंडात रावेन्नाबाहेरच्या त्या तळापर्यंत आणतो. सारस सम्राटाला जाऊन मिळायचं ठरवतो, आणि मजकूर तिथेच तुटतो. पुढचं पान नाही.